खालच्या तीन तारा

संपादिकाबाईंचा फोन आला. "डॉक्टर, दिवाळी अंकासाठी काहीतरी हृदयस्पर्शी लिहा ना." मी एकतीस वर्षं लोकांच्या हृदयाला स्पर्श करत होतो आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. हृदय ओलं असतं, निसटतं असतं आणि हातात धरलेलं त्याला आवडत नाही. आकार मुठीएवढा. त्यात प्रेम, विश्वासघात, आईची माया यांपैकी काहीही मला कधी सापडलं नाही. चरबी मात्र भरपूर सापडली, कारण आमच्या ग्वाल्हेरात सकाळी बेडई-कचोरी न खाणारा माणूस आजारी समजला जातो.

तेव्हा हृदय राहू द्या. मी हाडाबद्दल लिहितो. छातीच्या मधोमध, शर्टाच्या बटणांच्या मागे, एक लांबट चपटं हाड असतं. बायपास करायचा तर आधी ते वरपासून खालपर्यंत करवतीने उभं चिरावं लागतं. करवत विजेवर चालते आणि आवाज सुताराच्या दुकानातलाच येतो. नव्या विद्यार्थ्यांपैकी एखादा तिथेच आडवा होतो. मग दोन्ही भाग फाकवायचे, आतलं काम करायचं आणि शेवटी ते दोन भाग जवळ आणून स्टीलच्या तारांनी बांधायचे. साधारण सात तारा लागतात. प्रत्येक तार हाडाभोवती घ्यायची, टोकं पक्कडीत धरायची, आधी वर ओढायची आणि मग पीळ द्यायचा. चार पीळ तरी हवेत. कमी दिले तर तार सैल राहते, फार दिले तर तुटते. उरलेलं टोक कापून वाकवून आत दाबायचं, नाहीतर पेशंटला ते जन्मभर टोचतं. दोनेक महिन्यांत हाड जुळतं. तारा कायमच्या आत राहतात.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. हृदयाचं काम मोठ्या सर्जनचं. ते झालं, हृदय आपलं आपण चालू लागलं की मोठा सर्जन हातमोजे काढून बाहेर पडतो. छाती बंद करायची ती ज्युनिअरने. बाहेर नातेवाईक ताटकळत असतात. मी मास्क हनुवटीवर ओढून, कपाळावरचा घाम मुद्दाम न पुसता बाहेर यायचो आणि म्हणायचो, "हो गया. बढ़िया हो गया." बायका रडायच्या, एखादे काका पाया पडायला वाकायचे. त्या वेळी आत त्यांच्या माणसाची छाती सताड उघडी असायची, हे त्यांना कोणी सांगत नसे. मी चहा आणि पोहे घेऊन मोकळा व्हायचो.

हृदयावरची चूक लगेच कळते. पेशंट टेबलावरच तुम्हाला कळवतो. हाडावरची चूक आठ-दहा दिवसांनी कळते. खोकला आला की दोन भाग एकमेकांवर घासतात आणि टक असा आवाज येतो. मग फटीतून जंतू आत शिरतात, पू होतो आणि ज्याचं हृदय ठणठणीत झालेलं असतं तो माणूस हाडापायी खाटेला खिळतो. तरीही हे काम आम्ही ज्युनिअरचं समजत आलो.

माझ्या हातांबद्दलही सांगायला हवं. माझे वडील पुरोहित. दाना ओलीतल्या आमच्या घरात चार पिढ्या पौरोहित्य झालं आणि तिथे मी जन्मलो तो डावखुरा. ज्या घरात प्रसाद डाव्या हाताने घेतला तर परत ठेवायला लावत, तिथे हे म्हणजे संकटच. वडिलांनी लहानपणी जेवताना माझा डावा हात पंच्याने कमरेला बांधून ठेवला. त्याचा परिणाम असा झाला की जेवण, आरती, नमस्कार आणि सही मी उजव्या हाताने करतो. चेंडू फेकणं, मारामारी आणि शस्त्रक्रिया डाव्या हाताने. लोकांच्या छात्या मी कोणत्या हाताने उघडतो हे वडिलांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आमच्या थिएटरच्या मुख्य सिस्टर लीला, मुरारच्या. त्या मला प्रत्येक हत्यार बाकीच्यांपेक्षा उलटं धरून द्यायच्या आणि नव्या नर्सना बजावायच्या, "सर का सब उल्टा है, याद रखना." बाकी सगळे तारेला घड्याळाच्या काट्यासारखा पीळ देतात. माझा त्याच्या विरुद्ध. आमच्या इस्पितळात डावखुरा सर्जन मी एकटा होतो.

ग्वाल्हेरचा छातीचा डॉक्टर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं मी चंबळच्या डाकूंच्या गोळ्याच काढत असेन. मी आयुष्यात जेवढ्या गोळ्या काढल्या त्या जवळजवळ सगळ्या लग्नाच्या वरातींतल्या होत्या. खऱ्या अडचणी वेगळ्या. भिंडच्या एका ठाकुरांनी छातीवरचे केस काढू द्यायला साफ नकार दिला. "बाप ज़िंदा है, बाल कैसे उतरवा दें?" त्यांना समजावणारे सगळे हरले. शेवटी ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना जीपमध्ये घालून आणलं. त्यांनी मुलाच्या छातीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "उतार दो, गर्मी भी बहुत है."

दुसरे होते वडिलांचे एक यजमान. जानवं काढणार नाही, म्हणाले. जानवं बरोबर करवतीच्या वाटेवर. मी वडिलांना फोन केला. वडील क्षणभर विचार करून म्हणाले, "कानावर ठेव म्हणावं. शौचाला चालतं तर ऑपरेशनला का नाही?" साडेचार तास ते जानवं कानावर होतं आणि भूल देणारे डॉक्टर त्याच्यावरून मला शिव्या देत होते.

असो. हे सगळं मी टाळाटाळ म्हणून सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

अनघा पवार माझ्याकडे ज्युनिअर म्हणून आली. माधवगंजची मुलगी. तिचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि इथेच राहिले. वडील पोस्टात होते. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, पण तिचं वाक्य मराठीत निघून मध्येच हिंदीत उतरायचं आणि शेवटी परत मराठीच्या घरी यायचं. उंचीने लहान, म्हणून टेबलाशी दोन पायऱ्यांची चौकी घेऊन उभी राहायची. तारा बांधण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. शेवटची तार बांधली की ती दोन्ही तळवे छातीवर ठेवून दाबायची, कान खाली नेऊन ऐकायची आणि मगच कातडी शिवायला घ्यायची. मी एकदा हसलो, तर म्हणाली, "सर, हड्डी बोलली नाही पाहिजे. बस."

बारा वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडावर, रामसेवक आला. माधवगंजात त्याचं गजकचं दुकान. ज्यांना गजक माहीत नाही त्यांच्यासाठी: गुळाचा पाक खुंटीवर टाकून ओढओढ ओढतात, त्यात तीळ घालतात आणि लाकडी हातोड्यांनी कुटून कुटून त्याचे पापुद्रे करतात. हे काम खांद्याचं आणि छातीचं. रामसेवक तीस वर्षं रोज कुटत होता आणि चव बघत होता, त्यामुळे खांदे पहिलवानाचे आणि साखर तीनशेच्या वर. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. "डाक्टर साब, हथौड़ा कब उठाऊँगो?" मी म्हणालो, तीन महिन्यांनी.

चार रक्तवाहिन्या जोडल्या. काम सुरेख झालं आणि साडेतीनला मी हातमोजे काढायला मोकळा झालो. साडेचारला मराठी मंडळात माझा सत्कार होता. शाल, श्रीफळ, भाषण. अनघाने वरच्या चार तारा बांधल्या आणि मी निघणार तेवढ्यात आयसीयूतून निरोप आला की कालच्या पेशंटला रक्तस्राव होतोय. दुसरा ज्युनिअर रजेवर.

"सर, मी जाऊन येते. पंद्रह मिनट. खालच्या तीनच राहिल्या आहेत, मी येऊन बांधते. तुम्ही फक्त थांबा."

मी थांबलो. घड्याळात बघितलं. परत थांबलो, असेन दोन-तीन मिनिटं. मग पक्कड मागितली आणि खालच्या तीन तारा बांधून टाकल्या. लीला सिस्टर म्हणाल्या, "सर, थोड़ा खींच के." मी म्हणालो, "सिस्टर, बीस साल से बाँध रहा हूँ." वीस वर्षं मी बांधत नव्हतोच; वीस वर्षं मी पोहे खात होतो. कातडी शिवायचं काम सहायकावर सोपवलं. ऑपरेशनच्या कागदावर छाती कोणी बंद केली या रकान्यात सकाळीच डॉ. पवार असं लिहून ठेवलेलं असायचं. मी खाली सही केली आणि निघालो.

सत्कार छान झाला. अध्यक्षांनी माझ्या हातांबद्दल पाच मिनिटं भाषण केलं. शाल मी उजव्या हाताने घेतली.

नवव्या दिवशी राउंडला गेलो तर रामसेवक उशी पोटाशी धरून बसला होता. "डाक्टर साब, छाती में से आवाज आय रई है. खाँसत हूँ तो टक करत है." मी हात लावला. खालच्या टोकाला हाड हलत होतं. पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला, कारण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तो गजक कशी कुटतात ते हात उगारून दाखवत होता, असं वॉर्डबॉयने सांगितलं. रामसेवकने गळ्याची शपथ घेतली. "बिना हथौड़े के दिखाई हती साब!" दुसऱ्या दिवशी जखमेतून पू आला.

परत थिएटर. अनघाने आणि लीला सिस्टरनी जखम उघडली, खालच्या तिन्ही तारा कापून काढल्या, सगळं धुऊन काढलं. मी दाराशी उभा होतो. अनघा बाहेर आली तेव्हा मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि ओरडलो. एरवी आम्ही मराठीत बोलायचो हे मी वर सांगितलं आहे. त्या दिवशी मी हिंदीत ओरडलो, कारण मागे रामसेवकचे नातेवाईक उभे होते आणि त्यांना समजायला हवं होतं.

"छाती किसने बंद की थी, डॉक्टर पवार? ऐसे बाँधते हैं?"

ती म्हणाली, "सर, नीचे की तीन तो—"

"बहाने मत बनाओ."

लीला सिस्टर दारात होत्या; त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

मी विसरलो होतो का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. वकिलाला सांगायचं तर विसरलो होतो. तुम्हाला सांगायचं तर, मी आठवायला गेलोच नाही. साखर होती, हातोड्याचं नाटक होतं, ज्युनिअर होती. कारणं एवढी होती की माझ्यापर्यंत रांग पोचायचीच नाही.

रामसेवक दीड महिना इस्पितळात होता. वाचला, पण हाड कधीच पूर्ण जुळलं नाही आणि हातोडा कायमचा सुटला. तो गल्ल्याशेजारी बसू लागला. गिऱ्हाइकाने तब्येत विचारली की सांगायचा, "दिल तो बड़े डाक्टर साब ने बढ़िया कर दओ. छाती लेडी डाक्टरनी ने बाँधी हती, ढीली रै गई." माधवगंजात, अनघाच्याच मोहल्ल्यात, संक्रांतीची गजक घ्यायला गेलेल्या तिच्या आईने हे रांगेत उभं राहून ऐकलं. मग पेशंट मला विचारू लागले, "बंद कौन करेगा?" मी म्हणायचो, काळजी करू नका, मी बघतो. चार महिन्यांनी अनघा नागपूरला निघून गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा फक्त "येते सर" म्हणाली. मी तिला छानसं शिफारसपत्र दिलं. स्वतःच्या मोठेपणावर मी त्या दिवशी खूश होतो, हे लिहिताना आज कानशिलं तापतात.

पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी लीला सिस्टरनी कपाटातून इंजेक्शनची एक रिकामी बाटली काढून माझ्या हातात ठेवली. आत तारांच्या तीन गाठी होत्या.

"रामसेवक की हैं, सर."

"इतने साल क्यों रखीं?"

"आप देखेंगे तो समझ जाएँगे."

बघायला चष्माही लागला नाही. प्रत्येक गाठीला दोनच पीळ, आणि तिन्हींचे पीळ उलटे. "सर का सब उल्टा है," सिस्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मी बाटली खिशात टाकली, घरी आणली आणि टेबलाच्या खणात, जुन्या चेकबुकांच्या मागे ठेवली. तीही बरीच वर्षं तिथे राहिली.

दोन वर्षांपूर्वी अनघा ग्वाल्हेरला परत आली, एका इस्पितळात हृदयशस्त्रक्रियेची प्रमुख म्हणून. मी फोन केला नाही.

या उन्हाळ्यात फूलबागेत सकाळी फिरताना दुसऱ्या फेरीला माझी छाती आवळून यायला लागली. पहिल्या दिवशी मी अपचन म्हटलं. तिसऱ्या दिवशीही अपचनच म्हटलं. एवढी वर्षं ज्यांनी अपचन म्हटलं त्यांना मी मूर्ख म्हणत होतो. शेवटी अँजिओग्राफी केली. तीन मुख्य रक्तवाहिन्या बंद. बायपास.

घरी मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "इंदूरला जाऊ. नाहीतर दिल्ली." मी म्हणालो, अनघाकडे जाऊ. मंगलने हातातलं ताट खाली ठेवलं. "अहो, ती? जिने त्या गजकवाल्याची छाती सैल बांधली?"

ही गोष्ट आमच्या घरातही खरी मानली जात होती, आणि तिला ती मीच सांगितली होती. मी उठलो, खणातून बाटली आणली आणि मंगलसमोर ठेवून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "तिच्या आईच्या घरी मी भिशीला जाते, महिन्यातून एकदा. बारा वर्षं जाते." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी फाईल आणि बाटली घेऊन अनघासमोर बसलो. आधी तिने अँजिओ बघितली, पेन्सिलीने मोजल्यासारखं करून म्हणाली, "चार जोड लागतील सर. गुरुवारी करून टाकू." मग मी बाटली तिच्याकडे सरकवली.

"हे काय?"

"रामसेवकच्या तारा."

तिने बाटली उजेडात धरली. "ओळखल्या. मीच काढल्या होत्या नं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सर, मी आयसीयूतून परत आले तर छाती बंद. मागे राहिले होते तुम्ही, लीलादीदी आणि कातडी शिवणारा सहायक. आता ते दोघं तर तारा बांधत नाहीत. मग कोण, भूत येऊन बांधून गेलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हटलं, बहाने मत बनाओ."

मी म्हणालो, "माझं चुकलं, अनघा."

"हो. चुकलं."

मी वाट बघत होतो की ती म्हणेल, जाऊ द्या सर. आपल्याकडे म्हणतात तसं. ती म्हणाली नाही. तिने फाईल मिटवली, बाटली फाईलवर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवल्या.

"मला सांगून काय होणार? मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याला सांगा. आणि हिंदीत सांगा."

मी उठलो तशी म्हणाली, "आणि सर, हे ऑपरेशनशी जोडू नका. तुम्ही सांगा किंवा नका सांगू, छाती मी तशीच बांधीन जशी सगळ्यांची बांधते."

बुधवारी सकाळी मी रिक्षाने माधवगंजात गेलो. वाटेत तीनदा वाटलं, ऑपरेशन झाल्यावर सांगू. मग असंही वाटलं की त्यानंतर सांगायला मी असेनच असं नाही, आणि खरं सांगतो, त्या विचाराने थोडं बरंही वाटलं. दुकानात रामसेवक गल्ल्याशेजारी बसलेला. आत त्याचे दोन कारागीर कुटत होते. पाच-सहा गिऱ्हाइकं. रामसेवक उठून उभा राहिला, स्टूल पुसून दिलं. मी बसलो नाही.

"रामसेवक, तुम्हारी छाती की नीचे की तीन तारें मैंने बाँधी थीं. डॉक्टर पवार ने नहीं."

त्याने कानाला हात लावला. "जोर से बोलो साब, हथौड़ा चल रओ है."

जी गोष्ट मी बारा वर्षं मनात बोललो नव्हतो ती मला दुसऱ्यांदा, आणि ओरडून, सांगावी लागली. "नीचे की तीन तारें मैंने बाँधी थीं! मुझे जल्दी थी! ढीली मैंने छोड़ी थीं!" मधेच हातोडे थांबले, त्यामुळे शेवटचं वाक्य सगळ्या गल्लीने ऐकलं. एका बाईंच्या हातातली पिशवी तशीच उघडी राहिली.

रामसेवक खाली बसला. त्याचा तळवा आपोआप छातीच्या खालच्या टोकावर गेला. मग म्हणाला, "हथौड़ा छूट गओ मेरो, साब."

"हाँ."

"और वो मोड़ी, वो डाक्टरनी... जाने कित्ते लोगन से कह दई मैंने. बारा बरस." त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला सोसलं नाही. "अब उन सबन से कौन कहेगो?"

मी म्हणालो, "मैं लिख दूँगा. मराठी पत्रिका में, दिवाली पर."

"हमाए गाहक मराठी किताब पढ़त हैं का?" असं म्हणून तो उठला. "आप रैन देओ. जैसे वो कही हती, वैसेई जे कहूँगो. एक-एक से." त्याने गजकचा मोठा डबा भरला, दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि माझ्या हातात दिला. "जे मैडम को दे दियो. उनके लाने है, आपके लाने ना है."

डबा मी दोन्ही हातांनी घेतला.

डबा संध्याकाळी अनघाकडे पोचवला आणि गुरुवारी ऑपरेशन झालं. त्याबद्दल मला काही माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी थिएटरमध्ये असून काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अनघा राउंडला आली. माझ्या छातीशी उशी होती, जी मी हजारो लोकांना धरायला लावली आणि जिचा उपयोग काय असतो हे मला तेव्हाच कळलं. तिने एक्स-रे उजेडात धरला. मी खाटेवरून मोजल्या.

"आठ? आपण सात घालतो."

"खाली एक जास्त घातली. तुमचा भरवसा नाही."

"बांधल्या कोणी?"

"मीच, सगळ्या. ज्युनिअरला चहा प्यायला पाठवलं."

मग तिने माझ्या छातीच्या खालच्या टोकावर तळवा ठेवला आणि मान वाकवली. "आता खोका, सर. जोरात."

मी उशी घट्ट धरली आणि खोकलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाणी आलं. ते सगळंच दुखण्यामुळे नव्हतं. "अजून एकदा," ती म्हणाली. मी परत खोकलो, आणि या वेळी श्वास रोखून मीही तिच्याबरोबर ऐकलं.

हाड बोललं नाही.